मात्रा तालाची, मात्रा औषधाची

चष्म्याच्या आकाराचे एक उपकरण बाजारात मिळते. भिंगांच्या जागी आतल्या बाजूला बारीक एलईडी दिवे बसवलेले असतात आणि जोडीला हेडफोन असतो. डोळे मिटून पडायचे; मिटल्या पापण्यांवर दिवे ठरावीक वेगाने लुकलुकतात आणि त्याच वेगाने कानात टोले पडतात. मेंदूतल्या विद्युत-लहरी या तालावर येतात व त्यांच्याबरोबर मनाची अवस्थाही बदलते, असा दावा असतो. सोबत तक्ता येतो: गाढ झोपेसाठी सेकंदाला २, स्वप्नाळू गुंगीसाठी ६, निवांतपणासाठी १०, एकाग्रतेसाठी १५ च्या आसपास, आणि अलीकडे स्मरणशक्तीसाठी ४०. मराठीत ‘मात्रा’ हा शब्द तालाचाही आहे आणि औषधाचाही. या तक्त्यातले आकडे तालाच्या मात्रा आहेत, पण ते वाचले जातात औषधाच्या मात्रेसारखे. औषधाची मात्रा कमी-जास्त देऊन, गुण आणि अपाय दोन्ही मोजून ठरवावी लागते. या तक्त्यातला एकेक आकडा मागे मागे नेला तर तो प्रयोगशाळेतल्या नोंदीच्या कागदावर, ग्रीक अक्षरांच्या यादीत किंवा ग्रामोफोनच्या फिरत्या तबकडीवर जाऊन थांबतो. जे आकडे मुळात वर्णनाचे होते ते शंभर वर्षांत उपचाराचे कसे झाले, हा या लेखाचा विषय आहे.

या इतिहासात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळून गेले आहेत. पहिला प्रश्न: माणूस एखाद्या अवस्थेत असताना त्याच्या मेंदूत कोणती लय दिसते? दुसरा: बाहेरून ताल दिला तर मेंदूची विद्युत-नोंद त्याला साथ देते का? आणि तिसरा: तशी साथ मिळाली म्हणजे ती अवस्था येते का? पहिल्याची उत्तरे १९२९ पासून जमत गेली. दुसऱ्याचे उत्तर १९३४ मध्ये मिळाले आणि ते, निदान प्रकाशापुरते, ‘हो’ असे आहे. यंत्रांचा सगळा व्यापार मात्र तिसऱ्या प्रश्नावर उभा आहे आणि त्याचे उत्तर पहिल्या दोहोंतून आपोआप निघत नाही. झोपलेला माणूस घोरतो. म्हणून घोरण्याचा आवाज काढल्याने झोप लागत नाही.

सुरुवात जर्मनीतल्या येना शहरात झाली. हान्स बर्गर हा तिथला मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी लष्करी सरावात तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी दूर असलेल्या त्याच्या बहिणीला तो संकटात असल्याचे जाणवले आणि घरून विचारपूस करणारी तार आली. मनाची ऊर्जा मोजता येईल का, या प्रश्नाने त्याला आयुष्यभर धरून ठेवले ते तेव्हापासून. १९२४ साली त्याने माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत-नोंद घेतली आणि पाच वर्षे स्वतःच शंका घेत, पडताळत राहून १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसात सेकंदाला सुमारे १० आवर्तनांची मोठी लहर दिसे. डोळे उघडले किंवा मनातल्या मनात हिशेब करायला सांगितला की ती विरून जाई आणि बारीक, वेगवान लहरी उरत. मोठ्या लहरींना त्याने ‘पहिल्या प्रतीच्या’ आणि बारीक लहरींना ‘दुसऱ्या प्रतीच्या’ म्हटले. त्यांचेच पुढे अल्फा आणि बीटा झाले. म्हणजे अल्फा हे नाव कुठल्या गुणाचे नाही, क्रमाचे आहे. तक्त्यात ‘निवांतपणा’ म्हणून छापला जाणारा १० हा आकडा बर्गरच्या कागदावर फक्त एवढेच सांगत होता: या माणसाचे डोळे मिटलेले आहेत आणि तो विशेष काही करत नाही.

बर्गरवर त्याच्या देशात फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. त्याला मान्यता मिळवून दिली ती केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी. एड्रियनला १९३२ चे नोबेल मिळालेले होते, त्यामुळे १९३४ चे त्यांचे प्रयोग दुर्लक्षिणे शक्य नव्हते. त्या प्रयोगांत तीन गोष्टी दिसल्या आणि तिन्ही आपल्या तक्त्याशी थेट भिडतात. एक म्हणजे, एड्रियनच्या स्वतःच्या मेंदूत ही लय ठळक होती, मॅथ्यूजच्या मेंदूत तितकी नव्हती. दोघेही धडधाकट शास्त्रज्ञ होते. दुसरी, डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकता ठेवला तर मेंदूच्या मागच्या भागातली लय एका मर्यादेत त्या लुकलुकीच्या वेगाने चालू लागते. प्रकाशाने मेंदूची लहर ‘चालवण्याचा’ हा पहिला पक्का पुरावा. तिसरी गोष्ट सर्वांत मजेदार. अंधारात ठेवलेल्या एका पाणभुंग्याच्या मज्जापिंडातही त्यांना तशीच नियमित लय दिसली आणि प्रकाश पडताच तीही मोडली. पाणभुंगा ध्यानाला बसला होता असे कुणी म्हणणार नाही. ही लय म्हणजे कामाला न लागलेल्या पेशींचे एकसुरी चालणे असावे, असा विचार त्यातून पुढे येतो. ज्या वर्षी प्रकाशाने लय चालवता येते हे कळले, त्याच वर्षी ती लय अमुक एका मनोवस्थेची खूण मानण्याविरुद्धचा पुरावाही हाती होता. पुढच्या व्यापाराने पहिले उचलले आणि दुसरे सोडून दिले.

नावांची यादी लांबवण्याचे काम ब्रिस्टलच्या बर्डन संस्थेशी जोडल्या गेलेल्या विल्यम ग्रे वॉल्टरने केले. १९३६ मध्ये मेंदूतल्या गाठींच्या आसपास सापडणाऱ्या संथ लहरींना त्याने डेल्टा म्हटले. सेकंदाला ४ ते ७ आवर्तनांच्या लहरींना १९४४ मध्ये थीटा हे नाव मिळाले; लहान मुलांत त्या ठळक असतात आणि आवडती गोष्ट काढून घेतल्यावर, हिरमोड झाल्यावर वाढतात, असे वॉल्टरचे निरीक्षण होते. आजच्या तक्त्यात डेल्टा म्हणजे गाढ विश्रांती आणि थीटा म्हणजे सर्जनशील समाधी. नामकरणाच्या वेळी मात्र पहिली लहर ट्यूमरचा माग काढण्यासाठी उपयोगी पडत होती आणि दुसरी रुसलेल्या पोराची होती. गाढ झोपेत संथ लहरी येतात हे खरेच आहे, पण एकच वेग निरोगी झोपेत आणि आजारी मेंदूत दिसत असेल, तर केवळ वेगावरून अवस्था ओळखता येत नाही. मग वेग देऊन अवस्था आणता येईल हे कशावरून मानायचे?

वॉल्टरच्या चमूचे दुसरे काम अधिक टिकाऊ ठरले. १९४६ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक स्ट्रोबोस्कोप वापरून लुकलुकत्या प्रकाशाचा मेंदूवरचा परिणाम पद्धतशीर तपासला. हॅरोल्ड शिप्टन या त्यांच्या अभियंत्याने तर मेंदूच्या लहरीनेच दिव्याची चमक सोडणारे मंडल जुळवले: मेंदू दिव्याला चालवणार आणि दिवा मेंदूला. अपस्माराच्या रुग्णांत ठरावीक वेगाच्या चमकांनी झटक्यासारख्या लहरी उमटतात हे या प्रयोगांतून ठसठशीत झाले. आजही ईईजी, म्हणजे मेंदूची विद्युत-नोंद, काढताना रुग्णापुढे दिवा लुकलुकवतात, तो याच परंपरेतला. पण याच प्रयोगांत निरोगी माणसांनाही मिटल्या डोळ्यांपुढे रंग, चक्रे, भोवरे दिसू लागले. हे अगदीच नवे नव्हते. प्रागच्या पुर्किन्येने १८१९ मध्येच सूर्याकडे तोंड करून मिटल्या डोळ्यांपुढे बोटे हलवली की चौकटी आणि नागमोडी आकृती दिसतात, हे लिहून ठेवले होते. वॉल्टरने १९५३ च्या ‘द लिव्हिंग ब्रेन’ या पुस्तकात हे सारे सामान्य वाचकाला सांगितले आणि तिथून हा दिवा प्रयोगशाळेबाहेर पडला.

बाहेर तो आधी कलावंतांच्या हाती गेला. २१ डिसेंबर १९५८ रोजी चित्रकार ब्रायन गायसिन बसने मार्सेयला चालला होता. रस्त्याच्या कडेने झाडांची रांग, मधून मावळतीचे ऊन, आणि याने डोळे मिटलेले. मिटल्या पापण्यांमागे रंगांचा पूर लोटला आणि झाडी संपताच तो थांबला. पुढे वॉल्टरच्या पुस्तकातून त्याला याचे कारण कळले आणि इयन सॉमरविल या केंब्रिजच्या गणिताच्या विद्यार्थ्याच्या साहाय्याने ‘ड्रीममशीन’ तयार झाले. भोके पाडलेली पुठ्ठ्याची नळी, आत टांगलेला बल्ब, खाली ग्रामोफोनची फिरती तबकडी. १९६१ मध्ये त्याला फ्रान्समध्ये पेटंट मिळाले. यंत्राचा पट्टा सेकंदाला ८ ते १३ चमकांचा, म्हणजे अल्फाचाच. हिशेब सोपा आहे. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १.३, एका ओळीत ८ भोके असतील तर १०.४ चमका, १० असतील तर १३. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. गायसिनने पेटंट मागितले ते कलात्मक संवेदना निर्माण करण्याच्या साधनासाठी, उपचारासाठी नव्हे. आणि घरोघरी असलेल्या तबकडीच्या वेगाने १० च्या आसपासची मात्रा स्वस्तात हाताशी आणून दिली. एखादा आकडा रूढ होतो तो दर वेळी निसर्गाच्या आज्ञेने होतो असे नाही. कधी तो हाताशी असलेल्या यंत्राने ठरतो.

आवाजाची कथा वेगळ्या दिशेने येते. तंबोरा जुळवताना जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की नाद हेलकावू लागतो, आणि त्या एका सुरात आल्या की हेलकावा नाहीसा होतो. शाळेच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. ४०० आणि ४१० हर्ट्झचे (सेकंदाला तेवढ्या आवर्तनांचे) दोन सूर एकत्र आले की सेकंदाला १० हेलकावे. हे मिश्रण हवेत होते. एका कानात एक सूर आणि दुसऱ्यात दुसरा दिला तर हवेत काहीच मिसळत नाही, तरी मंद हेलकावा ऐकू येतो. म्हणजे तो मेंदूत तयार होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे हाइनरिख डोव्ह या प्रशियन शास्त्रज्ञाच्या लक्षात आले होते. १९७३ मध्ये जेराल्ड ऑस्टरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यावर लेख लिहिला. त्याचा रोख श्रवणाच्या अभ्यासावर आणि निदानावर होता. असे विस्पंद ऐकू येण्यासाठी मूळ सूर सुमारे १००० हर्ट्झच्या खाली हवेत आणि तरीही ते क्षीणच असतात, हे त्यातले महत्त्वाचे मुद्दे. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, अमेरिकेत रॉबर्ट मनरोने याच तत्त्वावर झोपेच्या पायऱ्या उतरवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याच्या संस्थेच्या ध्वनिफितींची कीर्ती इतकी पसरली की १९८३ मध्ये अमेरिकी लष्करातल्या एका अधिकाऱ्याने त्यांवर सविस्तर अहवाल लिहिला. ऑस्टरने ज्याला क्षीण म्हटले होते, ते मनोवस्थेचे सुकाणू मानले जाऊ लागले. आजही या विस्पंदांवरचे अभ्यास एकत्र ठेवून पाहिले, तर मेंदूची लहर त्यांच्यामागे जाते की नाही यावर निष्कर्ष उलटसुलट येतात.

वर्णनाचा उपचार होण्यातला निर्णायक टप्पा साठ-सत्तरच्या दशकांतला. शिकागोत जो कामिया याने दाखवले की घंटा वाजल्यावर ‘आत्ता अल्फा होती की नव्हती’ हे ओळखायला माणूस शिकू शकतो. त्याच्या १९६८ च्या लोकप्रिय लेखानंतर अल्फा हा शब्द अमेरिकेत शांतीचा समानार्थी झाला. यात योग्यांचीही साक्ष काढली जाई, म्हणून ती नीट पाहिली पाहिजे. दास आणि गास्तो यांनी १९५५ मध्ये भारतातल्या योग्यांवरच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हा खोल ध्यानात लहरी वेगवान झालेल्या दिसल्या. दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांना १९६१ मध्ये नेमके उलट दिसले: अल्फा टिकून राहिली, आणि बाहेरचा आवाज-प्रकाश तिला मोडू शकला नाही. कन्सासच्या मेनिंजर संस्थेत एल्मर ग्रीन यांनी १९७० मध्ये स्वामी रामांची तपासणी केली आणि ग्रीन दांपत्याच्या कामातून थीटाला सर्जनशीलतेचे वलय आले. एकाच शब्दाखाली, ध्यान म्हणून, तीन ठिकाणी तीन वेगळ्या लहरी! यातून निघायचा निष्कर्ष असा की ध्यानाला एकच आकडा नाही. काढला गेला तो निष्कर्ष असा की तिन्ही आकडे ध्यानाचे आहेत. मग १९७४ मध्ये ऑर्न आणि पास्कविट्झ यांनी साधा पण नेमका प्रयोग केला. अल्फा वाढवायला शिकलेल्या माणसांना त्यांनी विजेच्या धक्क्याची धास्ती घातली. माणसे घाबरली, त्यांचे हृदय जोरात चालू लागले. अल्फा मात्र तशीच राहिली. अल्फा आहे आणि शांती नाही, हे एकाच माणसात एकाच वेळी दिसले. तिसऱ्या प्रश्नाची इतकी सरळ परीक्षा त्या काळात दुसरी क्वचितच झाली असेल.

तरीही ऐंशीच्या दशकात यंत्रे आली. स्वस्त एलईडी आणि मायक्रोप्रोसेसर यांनी ते शक्य केले. कॅनडाच्या एडमंटनमध्ये डेव्हिड सीव्हर यांनी १९८४ मध्ये असे एक यंत्र बनवले, आणि मायकल हचिसनच्या १९८६ च्या ‘मेगाब्रेन’ या पुस्तकाने या साऱ्या यंत्रांना गिऱ्हाईक मिळवून दिले. यंत्र म्हटले की वेग लावायची खुंटी आली, आणि खुंटी आली की तिच्याभोवती आकडे हवेत. ईईजीच्या पाठ्यपुस्तकांतले पट्टे तयारच होते, ते तिथे बसवले गेले. बसवताना दुसरीकडचे आकडेही आत शिरले. १९५२ मध्ये विनफ्रीड शुमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने पृथ्वी आणि आयनावरण यांच्यामधल्या पोकळीत विद्युत-चुंबकीय लहरींचा अनुनाद असणार असे गणित मांडले. त्याचा पहिला आकडा सरासरीने ७.८३ हर्ट्झ. हा आकडा अल्फाच्या उंबरठ्यावर पडतो, एवढ्या योगायोगावर ‘पृथ्वीचा ताल’ म्हणून तो तक्त्यात गेला. पृथ्वीची ती लहर म्हणजे लुकलुकता दिवा नव्हे, आणि तिचा आकडाही स्थिर नसतो, खालीवर होतो. पण दशांश चिन्हापुढे दोन अंक असले की आकड्याला शास्त्राचा पोशाख चढतो.

याच खुंटीमुळे दुसरी एक गोष्ट दृष्टीआड झाली. अशा उपकरणात वेग हे अनेक मांडण्यांपैकी एक आहे. प्रखरता किती, रंग कोणता, दिवा चालू राहण्याचे आणि बंद राहण्याचे प्रमाण काय, प्रकाश एकदम चालू-बंद होतो की हळूहळू चढतो-उतरतो, डोळे उघडे की मिटलेले, सत्र किती मिनिटांचे, हे सारे तितकेच महत्त्वाचे. दिवा १० या वेगाने एकदम चालू-बंद केला आणि दोन्ही काळ समान ठेवले, तर त्या प्रकाशात १० बरोबर ३०, ५० अशी विषम पटीतली आवर्तनेही असतात. हे साधे गणित आहे. म्हणजे खुंटीवर १० लावले तरी डोळ्यात फक्त १० जात नाही. मेंदूही जसेच्या तसे परत देत नाही. तोही आपल्या पटी मिसळतो. क्रिस्टोफ हेरमान यांनी २००१ मध्ये १ पासून १०० हर्ट्झपर्यंत लुकलुक देऊन पाहिली, तेव्हा प्रतिसाद १०, २०, ४० आणि ८० च्या आसपास अधिक उठावदार आला. शिवाय प्रत्येकाची स्वतःची अल्फा वेगळी: कुणाची ९, कुणाची ११, आणि वयाबरोबर ती मंदावते. तेव्हा १० ही पुष्कळांची सरासरी आहे, कुणा एकाची मात्रा नव्हे. दोन अभ्यासांत एकच वेग वापरला तरी प्रखरता आणि प्रकाशाचे रूप वेगळे असेल, तर ते दोन वेगळे उपचार ठरतात. आकडा छापायला सोपा आणि प्रकाशाचे रूप सांगायला अवघड, म्हणून आकडा उरला आणि बाकीचे गळाले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की माणसांना काही तरी जाणवते, ते कसे नाकारायचे? नाकारायचे कारणच नाही. मिटल्या डोळ्यांपुढच्या आकृती खऱ्या आहेत. दृष्टिकेंद्राच्या पेशींची जुळणी आणि त्या आकृतींचे भौमितिक नमुने यांचा संबंध एर्मेंट्राउट आणि कोवन यांनी १९७९ मध्ये गणिताने मांडला. अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटे डोळे मिटून, फोन दूर ठेवून, एकसुरी आवाज ऐकत पडले की बऱ्याच जणांना हलके वाटणार, हेही खरे. प्रश्न एवढाच की ते वाटणे आकड्यामुळे आहे का. त्यासाठी १० ऐवजी ७ किंवा १३ देऊन, आणि कुठला वेग चालू आहे हे माणसाला कळू न देता तुलना करावी लागते. इथे मोठी अडचण आहे: लुकलुक डोळ्यांना दिसते, त्यामुळे खरे आणि खोटे सत्र माणसापासून लपवणे कठीण. म्हणून विश्रांती, अपेक्षा आणि ताल हे तिघे एकमेकांपासून सोडवणे या क्षेत्राला फार थोड्या वेळा साधले आहे. सुखद अनुभव हा यंत्राच्या बाजूचा पुरावा आहे, तक्त्याच्या नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो ४० या आकड्याचा. २०१६ मध्ये एमआयटीतल्या ली-ह्वेई त्साई यांच्या गटाने दाखवले की अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांना सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा प्रकाश दिला तर दृष्टिकेंद्रातले अमिलॉइड नावाचे प्रथिन घटते. इतर वेगांनी तसे झाले नाही. २०१९ मध्ये त्यांनी ४० च्या आवाजाचीही जोड दिली. ही पद्धत योग्य आहे, हे आधी मोकळेपणाने म्हटले पाहिजे: परिणाम आधी ठरवला, तो मोजला, आणि दुसऱ्या वेगांशी तुलना केली. तालाच्या मात्रेची औषधाची मात्रा करायची असेल तर वाट हीच. पण त्याच वाटेवर २०२३ मध्ये ग्योर्गी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेने हा प्रयोग उंदरांत पुन्हा करून पाहिला. त्यांना मेंदूची स्वतःची गॅमा (बीटाहून वेगवान) लय ४० च्या प्रकाशामागे गेलेली आढळली नाही आणि अमिलॉइडही घटलेले दिसले नाही. त्साई गटाने २०२४ मध्ये मेंदूतला निचरा वाढतो असा पुढचा खुलासा मांडला. माणसांवरच्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या आहेत. म्हणजे सर्वांत काळजीपूर्वक तपासलेला आकडासुद्धा अजून वादात आहे. ४० चे उदाहरण तक्त्याला आधार देत नाही. बाकीच्या आकड्यांच्या वाट्याला एवढीही परीक्षा आलेली नाही, हेच ते दाखवते.

या वादाच्या मुळाशी एक जुना शब्दार्थ आहे. १६६५ मध्ये हॉयगेन्सने पाहिले की एकाच तुळईला टांगलेली दोन लंबकाची घड्याळे काही वेळाने एका लयीत येतात. याला खरे लयबंधन म्हणावे: दोघांनाही स्वतःची लय आहे, ती जवळपासची आहे आणि दुवा पुरेसा घट्ट आहे. दर टोल्याला दार धडधडले म्हणजे दार घड्याळाच्या लयीत आले असे होत नाही. टोला थांबला की दारही थांबते. लुकलुकीला मेंदू घड्याळासारखा उत्तर देतो की दारासारखा, हे ईईजीवरच्या नुसत्या उठावावरून कळत नाही. दिवा विझल्यावर लय काही आवर्तने टिकते का, प्रखरता वाढवली की पकडीत येणाऱ्या वेगांचा पट्टा रुंदावतो का, असे पाहावे लागते. काही प्रयोग घड्याळाकडे झुकतात, काही दाराकडे. दुसऱ्या प्रश्नाला एड्रियनने दिलेले ‘हो’ सुद्धा किती अर्थाने ‘हो’ आहे, हे नव्वद वर्षांनी तपासले जात आहे.

असा एक आकडा मात्र आहे, ज्याच्याविषयी फारसा वाद नाही, आणि तो तक्त्याच्या टोकाला बारीक अक्षरांत असतो. प्रकाशाने फेफरे येणाऱ्यांना सर्वाधिक धोका साधारण १५ ते २५ या पट्ट्यात. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळ्या चमका सेकंदाला सुमारे १२ या वेगाने काही सेकंद झळकल्या आणि जवळपास ७०० जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतल्या अनेकांना पूर्वी कधी झटका आलेला नव्हता. ब्रिटनमध्ये १९९३ मधल्या एका जाहिरातीने झटके आल्यावर दूरचित्रवाणीच्या नियामकाने सेकंदाला तीनपेक्षा अधिक चमका नकोत असा दंडक घातला, आणि तो पुढे जगभर पसरला. मिटल्या पापण्या संरक्षण देतात हा समजही इथे टिकत नाही: पापणीतून येणारा प्रकाश लालसर होतो व सगळ्या दृष्टिपटलावर पसरतो, आणि लुकलुक चालू असताना डोळे मिटण्याचा क्षण ईईजीच्या खोलीत सर्वांत जोखमीचा मानला जातो. ‘एकाग्रतेसाठी १५ च्या आसपास’ ही ओळ बरोबर याच पट्ट्यात सुरू होते. आवाजाला हा धोका जवळपास नाही. पण त्याची पकडही तितकीच सैल आहे.

तर मग वेग निवडायचा कसा? आधी निवड कशासाठी हे ठरवावे लागते. रंग-आकृती पाहायच्या असतील तर गायसिनचा पट्टा आहे, फक्त अपस्माराची शंका असलेल्याने तिकडे फिरकू नये. निदानासाठी ईईजीच्या खोलीतली लुकलुक आहे. ऐकू येते की नाही हे बोलू न शकणाऱ्या तान्ह्या बाळात तपासायला ठरावीक तालाने चढ-उतार होणारे सूर वापरतात. १९८१ मध्ये गॅलाम्बोस यांनी ४० च्या तालाला मेंदू देत असलेल्या उत्तराचे वर्णन केले होते, त्याच घराण्यातली ही चाचणी. या तिन्ही ठिकाणी आकडा पक्का आहे, कारण तिथे दुसऱ्या प्रश्नापलीकडे जायचे नसते: ताल द्यायचा आणि उत्तर येते का ते पाहायचे. झोप, एकाग्रता, समाधी यांच्यापुढचे आकडे तिसऱ्या प्रश्नाचे आहेत, आणि तिथे अजून तालाचीच मात्रा लिहिलेली आहे. ‘सेकंदाला तीन’ हा दंडक रुक्ष आहे, त्यात समाधीचे आश्वासन नाही. पण कुणाला, किती चमकांनी, काय झाले हे मोजून तो ठरला, म्हणून औषधाची म्हणता येईल अशी मात्रा या सगळ्या आकड्यांत तेवढी एकच आहे, आणि तीही किती घ्यावे हे सांगणारी नव्हे, कुठे थांबावे हे सांगणारी.